फिरतीतला स्वतःचा दिवस

आमच्या पेढीतला दुसरा कोणी माणूस फिरतीवरून ठरल्या दिवशी परतला नाही, तर सेठ दारापर्यंत चार खेपा घालायचे. काका परतले नाहीत, तर ते मान वर करूनही बघत नसत. "त्याचा दिवस चाललाय," एवढंच म्हणत आणि हातातलं पत्र पुरं करत.

काका माझे सख्खे काका नव्हेत. मुंबईत कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, ज्या पेढीत मी कारकून म्हणून चिकटलो, तिथले ते फिरतीचे गुमास्ते. विलायतेहून पत्र्याच्या डब्यांतून सुताचे रंग यायचे, आणि येवल्यापासून इलकलपर्यंत जिथे जिथे माग चालत तिथे काका ते रंग घेऊन जायचे. मी तेव्हा लालबागला मामांच्या बिऱ्हाडात राहत होतो. मामा गिरणीत, दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही आठ माणसं. काकांनी एकदा सहज विचारलं, "झोपतोस कुठे?" मी म्हटलं, "दारात." त्यांनी महिन्याभरात त्यांच्याच चाळीत, गिरगावात, जिन्याजवळची एक अंधारी खोली मला मिळवून दिली. तेव्हापासून ते काका आणि त्यांची बायको काकू.

त्यांचा नेम असा. गावातलं शेवटचं गिऱ्हाईक संपलं, की ते नमुन्यांची पेटी बंद करत, तिच्यावर पट्टा आवळत आणि पेटीचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवत. मग लिंबू चिरून बोटं घासत बसत. त्यांची बोटं कायम लाल, निळी, जांभळी असत आणि लिंबाने त्यातलं काही जात नसे, तरी ते घासत. पगडी काढून साधा रुमाल बांधत. मग पुढचा एक दिवस ते पेढीचे नसत. त्या दिवशी एखादा साळी मागावरून उठून धावत आला आणि "शेटजी, आणखी दोन डबे हवेत" म्हणाला, तरी काका त्याला ओळख दाखवत नसत. "तो माणूस काल गेला," असं तोंडावर सांगत.

कोणी नाव विचारलं तर खोटं नाव देत. नाशिकला घाटावर एकाला त्यांनी आपण वैद्य असल्याचं सांगितलं आणि त्याच्या गुडघ्याला औषधही सांगून आले. पैठणला ते हरिदास झाले होते. संध्याकाळी देवळात कीर्तनाचा आग्रह झाला तेव्हा घसा बसल्याचं सोंग करून निसटले. हे सगळं ते इतक्या गंभीरपणे सांगत, की हसावं की नाही ते कळत नसे.

"सुट्टी काढून का नाही हो जात?" मी एकदा विचारलं.

"सुट्टी काढून गेलं की गाव आपल्याला दाखवायला बसतं," ते म्हणाले. "काम उरकून नुसतं थांबलं, की ते आपणहून दिसतं. करून बघ."

परत आले की पहिल्या रविवारी सकाळी गॅलरीत पाट टाकून बसत आणि काकूंना तो दिवस सांगत. फक्त तोच दिवस. गिऱ्हाइकांचं, कामाचं अवाक्षर नाही. काकू समोर सुपात तांदूळ घेऊन निवडत असायच्या. शेजारच्या दोघीतिघी येऊन उंबऱ्यात टेकायच्या. काकूंना मूलबाळ नव्हतं. लग्न होऊन या चाळीत आल्या त्या आल्या; माहीमच्या जत्रेपलीकडे त्यांनी मुंबईही पाहिली नव्हती. पण काकांनी पाहिलेली पंचवीस-तीस गावं त्यांना तोंडपाठ होती, आणि खुद्द काकांपेक्षा जास्त पाठ होती.

"वाईला मी बसलो होतो त्या घाटावर एक मोडका नंदी—" काका सुरू करत.

"मोडका नंदी मेणवलीला," काकू सुपातून नजर न काढता म्हणत. "वाईचा धड आहे. गेल्या खेपेला तुम्हीच सांगितलंत."

काका थांबत, आठवत, आणि म्हणत, "हो. मेणवलीला."

अशा एका रविवारी काकू म्हणाल्या, "मला एकदा न्या ना. पाहून तरी येईन तुम्ही खरं सांगता का ते." बायका हसल्या. काका हसले नाहीत. "पेढीच्या कामात बायको घेऊन हिंडलो तर सेठ काय म्हणतील?" काकू म्हणाल्या, "कामात नको. तुमच्या त्या दिवसात न्या." पुढे मी हा संवाद इतक्या वेळा ऐकला, की मला तो त्यांच्या घरातल्या फळीवरच्या डब्यांसारखा नेहमीच्या जागेवरचा वाटू लागला. कोणी तो मनावर घेत नव्हतं. काकू घेत होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला त्याचा तो दुसरा हिवाळा. पहिल्या हिवाळ्यात आमची चाळ वाचली होती, म्हणून आम्ही जरा निर्धास्त होतो. या खेपेला मागच्या गल्लीत उंदीर पडले, आणि आठ दिवसांत तळमजल्यावरची दोन माणसं गेली. लोक बोचकी बांधून गावी निघाले. अर्ध्या खोल्यांना कुलपं पडली. तपासायला माणसं येत, भिंतींना चुना मारत, आणि फिनेलच्या वासाने जेवण घशाखाली उतरत नसे. मामांनी लालबागहून निरोप पाठवला की आम्ही सगळे गावी चाललो, तूही चल. मी गेलो नाही. नोकरी नवी होती, आणि त्याच महिन्यात सेठनी मला काकांच्या हाताखाली फिरतीवर पाठवायचं ठरवलं होतं. गुळेदगुडला जायचं होतं, जिथे चोळीचे खण विणतात. लग्नसराईच्या आधी तिथे लाल रंग पोचवणं भाग होतं.

निघायच्या चार दिवस आधी काका काकूंना म्हणाले, "तूही चल. इथे एकटी राहू नकोस."

मी तिथेच बसलो होतो. काकूंनी सूप खाली ठेवलं. "कुठवर?"

"शेवटपर्यंत. आम्ही काम करू तोवर तू धर्मशाळेत राहा. मग एक दिवस बदामीला. तळं बघशील."

"आणि सेठ?"

"सेठना कोण सांगतंय?"

काकू उठून आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. चार दिवस त्या दशम्या करत होत्या, तीनदा बोचकं सोडून पुन्हा बांधत होत्या. शेजारणी उरल्या नव्हत्या, म्हणून मलाच विचारत होत्या, "गाडीत खिडकीशी बसू देतात का रे बायकांना?"

बोरीबंदरवर त्यांना खिडकीशी बसवलं. त्यांनी नवं लुगडं नेसलं होतं. गाडी सुटली तेव्हा त्यांनी एक हात खिडकीबाहेर काढला आणि काकांनी दरडावलं म्हणून आत घेतला, मग काकांचं लक्ष नाही असं पाहून पुन्हा काढला. भायखळा गेलं, परळ गेलं. गिरण्यांच्या चिमण्या त्या मोजत होत्या. त्यांचे डोळे फार चकाकत होते. मला वाटलं, आनंदाने.

दादरला गाडी थांबवून सगळ्यांना उतरवलं. मुंबईबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर तपासत. पुरुषांची रांग उघड्यावर, बायकांची कापडी पडद्याआड. आम्ही दोघे तपासून घेऊन उभे होतो. काकू बाहेर आल्या त्या एका गोऱ्या मडमेच्या मागून. मडमेने काकूंचं मनगट धरलेलं होतं.

"अंगात थोडी कसर आहे म्हणतात," काकू म्हणाल्या. "काल संध्याकाळपासून होती जराशी. मी कपाळाला पाणी लावलं होतं, तरी कळलं यांना."

एक देशी डॉक्टर होते. ते काकांशी समजुतीने बोलले. गाठ दिसत नाही, साधाही ताप असेल, पण सोडता येत नाही. माटुंग्याच्या बाजूला माळावर झोपड्या बांधल्यात, तिथे ठेवू. जवळचं एक माणूस बरोबर राहू शकतं, मात्र राहिलं तर दहा दिवस बाहेर पडता येणार नाही.

"काका, तुम्ही थांबा," मी म्हटलं. "काम मी करून येतो."

"त्याला रंगातलं काय कळतं?" काकू म्हणाल्या. "पहिलीच खेप त्याची. तुम्ही जा. आठ दिवसांचं तर काम. तोवर मी बरी होते. येताना मला इथूनच घेऊन घरी चला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे पाहिलं. हमालाने पेटी उतरवून फलाटावर ठेवली होती. इंजिनाने शिटी दिली. लोक धावत डब्यात शिरू लागले. मला खात्री होती की ते थांबणार. त्यांनी पेटीची एक कडी धरली आणि मला म्हणाले, "दुसरी धर."

काकूंनी दशम्यांचं गाठोडं खिडकीतून माझ्या मांडीवर टाकलं. गाडी हलली तेव्हा त्या मडमेबरोबर जिन्याकडे चालत होत्या. वीस वर्षं मागितलेला त्यांचा प्रवास बोरीबंदरहून दादरपर्यंत झाला.

कल्याणला काकांनी पेटीचा पट्टा पुन्हा आवळला. मग म्हणाले, "कसर आहे. उतरेल." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाठोडं सोडलं, दशमी खाल्ली, म्हणाले, "चांगल्या झाल्यात." मीही खाल्ली. चांगल्या झाल्या होत्या.

गुळेदगुडला मुंबईची माणसं म्हणून आमची नावं लिहून घेतली, दोन दिवस आमच्याशी लोक दुरूनच बोलत. काकांनी ते मनावर घेतलं नाही. इतकं सरस काम करताना मी त्यांना नंतरही पाहिलं नाही. एकेका साळ्याच्या अंगणात उकिडवे बसून सुताची लडी उकळत्या रंगात बुडवत, काढत, उन्हात धरून दाखवत. सातव्या दिवशी सगळं उरकलं. आम्ही बैलगाडीने बदामीला आलो आणि धर्मशाळेत उतरलो. स्टेशन गावापासून दीड कोस लांब. मुंबईकडची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी होती.

सकाळी मी अंथरूण गुंडाळलं. काकांनी पेटी ओढली आणि तिचं तोंड भिंतीकडे केलं.

मला आधी समजलंच नाही. मग म्हटलं, "काका, आज निघायला हवं. काकू—"

"आज माझा दिवस आहे," ते म्हणाले.

त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. लिंबू चिरून ते बोटं घासायला बसले. आज मागे वळून पाहताना मला कळतं, की त्या माणसाला मजा करायची नव्हती. मुंबईची गाडी धरली की दादर येणार होतं, आणि दादरला उतरलं की जे असेल ते कळणार होतं. एक दिवस आणखी न कळता राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. मला ते नुसते हट्टी वाटले.

"निदान स्टेशनात जाऊन विचारून येऊ. काही तार-बीर आली असली तर."

"उद्या जायचंच आहे. तेव्हा विचारू."

तळ्याच्या काठी देवळापाशी एक म्हातारा पुजारी बसला होता. त्याने मोडक्या मराठीत काकांना विचारलं, कुठले, काय करता, घरी कोण. मी वाट पाहत होतो की आता हे काय होतात, वैद्य की हरिदास. काका म्हणाले, "मुंबईचा. रंग विकतो. घरी बायको आहे." मग म्हणाले, "घरी नाही. दादरला आहे." पुजाऱ्याला दादर काय ठाऊक असणार? त्याने मान हलवली. काका मग दिवसभर एकाच पायरीवर बसून राहिले. लेण्यांकडे गेले नाहीत. ऊन सरकलं तसे तेही सरकले, इतकंच.

दुसऱ्या दिवशी स्टेशनमास्तरांनी नाव ऐकल्याबरोबर टेबलावरचा कागद उचलून दिला. "काल सकाळीच आली. गावात माणूस पाठवला होता, पण रंगवाले कोणी उतरलेले नाहीत असं त्याला सांगितलं." धर्मशाळेत काकांनी नेहमीप्रमाणे खोटं नाव लिहिलं होतं.

तार त्यांनी माझ्या हातात दिली. बायको अत्यवस्थ, ताबडतोब या, एवढंच होतं.

आम्ही दादरला उतरलो तेव्हा काकूंना जाऊन एक दिवस झाला होता. आदल्या दिवशी दिवेलागणीला गेल्या. बदामीहून एक दिवस आधीची गाडी धरली असती, तर आम्ही दुपारीच पोचलो असतो. हा हिशेब मी मनात केला, तसाच काकांनीही केला असणार. आम्ही एकमेकांशी तो कधी बोललो नाही. लुगडं, बोचकं, सगळं तिथल्या रिवाजाप्रमाणे जाळलं होतं. द्यायला काही नव्हतं.

झोपड्यांवर काम करणारी एक माहीमची कोळीण होती. तीच काकूंपाशी होती. कुंपणाच्या पलीकडे उभी राहून ती आमच्याशी बोलली.

"पहिले चार दिस चांगल्या होत्या की. सारख्या बोलायच्या. आज ते अमक्या गावाला असतील, आज तिथं काम चाललं असंल. मग ताप डोक्यात गेला. डागतरानं इचारलं, बाई, नवरा कुठं सापडंल? तर बोटांवर मोजलं आन् म्हनाल्या, काम झालं असंल, आज बदामीला तळ्यावर. तिथल्या ठेसनात तार करा. पन आज नका करू, उद्या करा. आज त्यांचा दिवस हाय." तिने पदर खोचला. "डागतरानं काय ऐकलं न्हाय. तवाच केली तार."

काकांनी कुंपणाची काठी धरली. "शेवटी काही म्हणाली?"

"पानी मागितलं. आन् मला इचारलं, दादरच्या फुडं गाडी कुठं थांबते? मी म्हटलं, बाय, मी कुठं बसलेय गाडीत? मला काय ठावं?"

काका "बरं" म्हणाले. तिला नमस्कार केला. आम्ही चालत गिरगावला आलो. परळ, लालबाग, सगळा रस्ता चालत. मामांच्या खोलीला कुलूप होतं. रस्त्यात एकापाठोपाठ एक तिरड्या जात होत्या, आणि काका प्रत्येकीला बाजूला होऊन उभे राहत होते.

त्यानंतर त्यांनी दोन वर्षं फिरती केली. काम संपलं की मिळेल त्या पहिल्या गाडीने परत येत. सेठ खूश. "आता माणूस सुधारला," असं मला म्हणाले. रविवारी सकाळी गॅलरीत पाट पडत नसे. चाळीत नवी बिऱ्हाडं आली होती. काका कधी काही सांगत असत हे त्यांना माहीतही नव्हतं. मग एक दिवस त्यांनी सेठना सांगून वखारीतलं काम मागून घेतलं आणि फिरती माझ्याकडे आली. मी परत आलो की ते कामाचंच विचारत, आणि तेही थोडं. मी कुठे थांबलो, काय पाहिलं, हे कधी नाही.

एका दुपारी मी वखारीत त्यांच्यासमोर बसून डबे उघडत होतो. काका तराजूत जांभळा रंग घालत होते. तोंडाला फडकं बांधलेलं होतं, त्यामुळे पहिल्यांदा मला शब्द नीट ऐकू आले नाहीत.

"काय म्हणालात?"

त्यांनी फडकं खाली केलं. "म्हटलं, त्या दिवशी तू एकटा का नाही गेलास स्टेशनात? दीड कोस तर होतं."

इतक्या वर्षांनी आणि असं एकदम. मी चाचरलो. "तुम्ही नको म्हणालात."

"मी नकोच म्हणणार होतो," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. काट्याकडे बघत, चिमटीने रंग कमीजास्त करत ते बोलत होते. "मला उठवत नव्हतं तिथून. पण तू होतास. मला वाटत होतं, हा पोरगा आता उठेल, मला न सांगता जाऊन येईल. दिवसभर मी रस्त्याकडे पाहत बसलो होतो."

मी खाली मान घालून डब्याचं झाकण उचकटत राहिलो. त्यांनी पुन्हा फडकं तोंडावर ओढलं. पुढे ते आठेक महिने जगले, रोज भेटत होते, पण हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मीही उत्तर दिलं नाही.

उत्तर नव्हतं असं नाही. त्या दिवशी काका पायरीवर बसलेले असताना मी काय करत होतो, ते मी आतापर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. लहानपणी गावच्या खाडीत पोहलो होतो, त्यानंतर लालबागच्या खोलीत आणि कोटातल्या पेढीत माझी सगळी वर्षं गेली होती. तळं मोठं होतं आणि पाणी स्वच्छ होतं. मी पोहत होतो. संध्याकाळपर्यंत मला काकूंची आठवणसुद्धा झाली नाही.